लंडनजवळ राहताय आणि फुटबॉल बघायचाय? इस्थमियन लीगची ओळख, अगदी पहिल्यापासून

लंडन, केंट, एसेक्स, सरे, ससेक्स या पट्ट्यात नोकरीसाठी नाहीतर शिकायला आलेली आपली मंडळी पहिल्या महिन्यातच विचारायला लागतात की आर्सेनल-चेल्सीचं तिकीट कसं मिळेल. मिळतं, नाही असं नाही, पण आधी मेंबरशिप घ्या, मग ऑनलाइन रांगेत बसा, आणि नंबर लागला तर भरपूर पैसे मोजून वर कुठेतरी सीट. माझं म्हणणं असं आहे की सुरुवात तिथून करूच नका. तुमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर बहुतेक एखादा सेमी-प्रोफेशनल (नोकरी सांभाळून थोडे पैसे घेऊन खेळणाऱ्यांचा) क्लब असणार आणि तो इस्थमियन लीगमध्ये असण्याचा चान्स बऱ्यापैकी आहे, तिथे गेटवर पैसे द्या, आत जा, रेलिंगला टेकून मॅच बघा. इंग्लंडचा फुटबॉल मुळात काय चीज आहे ते तिथे कळतं. कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

पहिलं काम: ही लीग नेमकी कुठे बसते ते समजून घ्या

इंग्लंडमध्ये सगळ्या लीग एकाखाली एक रचलेल्या आहेत, तिकडे त्याला पिरॅमिड म्हणतात. सगळ्यात वर प्रीमिअर लीग, 20 क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी 24 क्लब. हे झाले 92 क्लब, आणि टीव्हीवर आपल्याला दिसतात ते बहुतेक यातलेच. त्याच्या खाली जे काही आहे त्या सगळ्याला नॉन-लीग म्हणतात. नावावरून वाटेल की यांना लीगच नाही, पण तसं नाहीये, तिथेच तर लीगची गर्दी आहे.

नॉन-लीगमध्ये पातळीला स्टेप म्हणतात. स्टेप 1 म्हणजे नॅशनल लीग, देशभराची एकच. स्टेप 2 ला त्याचे दोन भाग, नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ. स्टेप 3 ला चार डिव्हिजन आणि स्टेप 4 ला आठ डिव्हिजन, आणि या बाराच्या बारा डिव्हिजन तीन जुन्या प्रादेशिक लीग चालवतात: उत्तरेकडे नॉर्दर्न प्रीमिअर लीग, मध्य आणि दक्षिण-पश्चिमेकडे सदर्न लीग, आणि लंडन, पूर्व व आग्नेय इंग्लंडसाठी आपली इस्थमियन.

इस्थमियनच्या स्वतःच्या चार डिव्हिजन आहेत. प्रीमिअर डिव्हिजन स्टेप 3 ला, म्हणजे वरून मोजलं तर सातव्या पातळीवर. तिच्या खाली स्टेप 4 ला तीन डिव्हिजन शेजारी शेजारी: नॉर्थ, साउथ सेंट्रल आणि साउथ ईस्ट. या तिघी एकाच दर्जाच्या, फरक फक्त भूगोलाचा. ढोबळमानाने नॉर्थ म्हणजे एसेक्स-सफकची बाजू, साउथ ईस्ट म्हणजे केंट-ससेक्सची, आणि साउथ सेंट्रल म्हणजे लंडनच्या पश्चिमेची आणि सरेची. सीमेवरचे क्लब इकडेतिकडे होत राहतात, त्याबद्दल पुढे बोलू.

नवीन माणूस एका ठिकाणी हमखास गोंधळतो, 'इस्थमियन प्रीमिअर डिव्हिजन' ऐकून त्याला वाटतं की हे प्रीमिअर लीगचंच काहीतरी आहे. काही संबंध नाही, ही फक्त या लीगची वरची डिव्हिजन.

वर-खाली जायचं गणित

हे एकदा डोक्यात बसलं की एप्रिल महिन्यात झोप लागत नाही, म्हणून नीट वाचा.

प्रीमिअर डिव्हिजनमध्ये 22 क्लब, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे 42 मॅच. जिंकलं तर 3 पॉइंट, ड्रॉ झाली तर 1. पहिला नंबर थेट नॅशनल लीग साउथला वर जातो. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे चार क्लब प्ले-ऑफ खेळतात, दुसरा विरुद्ध पाचवा आणि तिसरा विरुद्ध चौथा, मग फायनल. प्रत्येक मॅच एकच, परतीची मॅच नाही, आणि टेबलमध्ये जो वर असेल त्याच्या मैदानावर. त्यामुळे दुसरा नंबर आणि चौथा नंबर यात खूप फरक पडतो, कारण दुसऱ्याने सेमीफायनल जिंकली की फायनलही घरच्याच मैदानावर. जिंकणारा एकच क्लब वर. खालचे चार स्टेप 4 ला जातात.

स्टेप 4 च्या तिन्ही डिव्हिजनमधूनही असंच, चॅम्पियन थेट वर आणि प्ले-ऑफ जिंकणारा एक. तळाचे क्लब स्टेप 5 ला, म्हणजे एसेक्स सीनिअर, कम्बाइन्ड काउंटीज, सदर्न काउंटीज ईस्ट, सदर्न कॉम्बिनेशन अशा आणखी छोट्या लीगमध्ये. मुंबईत ज्यांनी क्रिकेटची कांगा लीग जवळून बघितलीय, ए डिव्हिजनमधून बी मध्ये गेल्यावर क्लबच्या तंबूत काय वातावरण असतं ते ज्यांना माहितीय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

अजून एक अट असते ती नवीन लोकांना माहीत नसते. नुसतं मैदानावर जिंकून भागत नाही, तुमचं ग्राउंड त्या पातळीच्या नियमात बसलं पाहिजे. किती सीट, किती छप्पर, फ्लडलाइट कसे, ड्रेसिंग रूम केवढी, टर्नस्टाइल (आत जायची फिरती फाटकं) किती, हे सगळं फुटबॉल असोसिएशन, म्हणजे एफए, इंग्लंडच्या फुटबॉलची मुख्य संस्था, तपासतं. म्हणून एखादा छोटा क्लब टेबलमध्ये वर चढायला लागला की जानेवारी-फेब्रुवारीतच तिथले स्वयंसेवक नवीन स्टँड उभा करायच्या मागे लागतात.

आणि मग मे महिना. सीझन संपला की असोसिएशन नकाशा घेऊन बसतं आणि पुढच्या वर्षी कोण कुठल्या डिव्हिजनमध्ये ते ठरवतं. तुमचा क्लब ना वर गेला ना खाली, तरी बाजूच्या डिव्हिजनमध्ये, कधी कधी दुसऱ्याच लीगमध्ये जाऊ शकतो. हेंडन हा क्लब 1963 पासून इस्थमियनमध्ये होता, 2018 ला सगळ्या देशभर फेररचना झाली आणि त्यांना सदर्न लीगमध्ये टाकलं, म्हणजे पन्नासएक वर्षांचे शेजारी सोडून नव्या गावांच्या बसवाऱ्या सुरू. साउथ सेंट्रल डिव्हिजनही त्याच 2018 च्या फेररचनेतून जन्माला आली. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, दरवर्षी जुलैत लीगच्या साइटवर जाऊन आपला क्लब कुठे आहे ते बघून घ्या.

दुसरं काम: क्लब निवडा, आणि जवळचाच निवडा

लोक इथे फार विचार करत बसतात, कुठला क्लब मोठा, कुठला जिंकतो. माझं स्पष्ट मत, जो चालत किंवा एका बसने गाठता येतो तोच तुमचा. कारण या पातळीवर मजा एका मॅचची नसते, सारखं जात राहण्याची असते, आणि दीड तास ट्रेन बदलत जावं लागलं तर नोव्हेंबरच्या पावसात मंगळवारी रात्री तुम्ही जाणार नाही.

तरी काही नावं सांगतो, कारण एकदा तरी बघून यावेत असे क्लब आहेत.

डलिच हॅम्लेट, दक्षिण लंडन, 1893 चा क्लब. ग्राउंडचं नाव चॅम्पियन हिल, ईस्ट डलिच स्टेशनवरून पायी काही मिनिटांत. जर्सी गुलाबी आणि गडद निळी. घरच्या मॅचला दोन-तीन हजार माणूस सहज जमतं, या लेव्हलला एवढी गर्दी म्हणजे खूपच. 2018 मध्ये जमिनीच्या वादातून क्लबला स्वतःच्याच ग्राउंडबाहेर काढलं होतं, काही महिने टूटिंग अँड मिचमच्या मैदानावर खेळले, लोक रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबरमध्ये क्लब परत चॅम्पियन हिलला आला. याच क्लबचा एडगर केल 1929 मध्ये इंग्लंडकडून खेळला, पैसे न घेणारा हौशी खेळाडू असताना.

लुईस, ससेक्समध्ये. मैदानाचं नाव ड्रिपिंग पॅन, चारी बाजूंनी हिरवे उतार आणि मध्ये खोलगट मैदान, स्टेशन अगदी समोर. 2010 पासून क्लब समर्थकांच्या मालकीचा आहे, कोणीही वर्षाची छोटी रक्कम भरून मालक होऊ शकतं. 2017 मध्ये त्यांनी पुरुष आणि महिला टीमला सारखं बजेट दिलं, सेमी-प्रो काय आणि प्रो काय, असं करणारा हा पहिला क्लब. मुलगी असेल तर तिला घेऊन इथे नक्की जा.

हॅशटॅग युनायटेड यूट्यूबवर सुरू झालेली टीम, मुलांना बहुतेक आधीच माहीत असेल, तीच टीम पायऱ्या चढत 2023 ला इस्थमियन प्रीमिअरमध्ये आली. त्याच्या अगदी उलट क्रे वाँडरर्स, 1860 सालचा क्लब, लंडनमधला सगळ्यात जुना असा त्यांचा दावा.

थोडा इतिहास, कारण मॅचला म्हातारे लोक याच गोष्टी सांगणार आहेत

लीग 1905 ची. सहा क्लबांनी सुरू केली: कॅज्युअल्स, सिव्हिल सर्व्हिस, क्लॅप्टन, ईलिंग, इलफर्ड आणि लंडन कॅलेडोनियन्स. पहिली चॅम्पियनशिप कॅलेडोनियन्सची. सगळे हौशी, पैसे घेऊन खेळणं मान्यच नाही, एवढंच काय सुरुवातीला जिंकणाऱ्याला कप नाही की मेडल नाही, मान मिळाला तेवढा पुरे असं लीगचं ब्रीदवाक्यच होतं. 1973 पर्यंत एकच डिव्हिजन होती. मग 1974 मध्ये असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला आणि तिथून आजची सेमी-प्रो लीग आकाराला आली.

इलफर्डचं नाव आपल्यासाठी आणखी एका कारणाने मोलाचं आहे. 31 जुलै 1948 ला, स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा लंडन ऑलिंपिकमध्ये भारताची फुटबॉल टीम इलफर्डच्या क्रिकलफील्ड स्टेडियमवर फ्रान्सशी खेळली. कॅप्टन टी. आओ, आणि टीममधले बरेच जण अनवाणी. सारंगपाणी रामनने गोल केला, दोन पेनल्टी हुकल्या, आणि 1-2 ने हरलो. पूर्व लंडनमध्ये इलफर्ड-ईस्ट हॅमच्या बाजूला आज आपले इतके लोक राहतात, त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं की हे आपल्या घराजवळ घडलंय. त्याच ऑलिंपिकची एक मॅच डलिचच्या चॅम्पियन हिललाही झाली होती.

आणि विम्बल्डन. टेनिसचं नाही, फुटबॉलचं. इस्थमियन लीग आठ वेळा जिंकलेला क्लब, शेवटची 1963-64 ला, मग वर वर चढत गेला आणि 1988 ला वेम्बलीवर लिव्हरपूलला 1-0 ने हरवून एफए कप उचलला. पुढे क्लबचं दुसऱ्या गावात स्थलांतर मंजूर झालं, तेव्हा 2002 मध्ये समर्थकांनी एएफसी विम्बल्डन नावाने शून्यापासून नवा क्लब काढला, तोही इस्थमियनमधून चढला आणि 2011 ला लीग टू मध्ये पोचला. याच लीगच्या मैदानांवर हे सगळं झालंय, म्हणून समोर तीनशे लोक बघताना लहान काहीतरी चाललंय असं समजू नका.

तिसरं काम: मॅचला जा

नेहमीची वेळ शनिवारी दुपारी 3. मधल्या वारी असेल तर बहुतेक मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी 7:45. तिकीट मोठ्या माणसाला साधारण 10 ते 15 पौंड, स्टेप 4 ला थोडं कमी, लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी फुकट नाहीतर एक-दोन पौंड. आधी बुक करायची गरज क्वचित, मोठी कप मॅच असली तरच. हल्ली जवळपास सगळीकडे कार्ड चालतं, तरी थोडी नाणी खिशात असू द्या, लकी ड्रॉची तिकिटं विकत एखाद्या आजी फिरत असतात आणि त्यांच्याकडे मशीन असेलच असं नाही.

निघायच्या आधी क्लबचं एक्स किंवा फेसबुक पेज बघायचंच. डिसेंबर ते फेब्रुवारी मैदानात पाणी साचलेलं नाहीतर जमीन गोठलेली असते, सकाळी रेफ्री येऊन बूट रोवून बघतो आणि मॅच पोस्टपोन. कृत्रिम गवताचं मैदान असलेल्या क्लबांचा हा त्रास खूप कमी. त्यामुळे गोठलेल्या आठवड्यात कुठे जायचं असा प्रश्न पडला तर तसला क्लब शोधा.

पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. टर्नस्टाइलमधून आत गेलात की सरळ टी बारकडे, तिथेच कुठेतरी व्हाइटबोर्डवर मार्करने दोन्ही टीमची नावं लिहिलेली असतात, 1 ते 11 आणि खाली सब्स्टिट्यूट, आणि त्यासमोर चारपाच म्हातारे हातात प्रोग्राम घेऊन नंबर जुळवत, कोण आज नाही, कोणाला बसवलं, यावर चर्चा करत उभे असतात. तिथे उभं राहा. 'आज तुमचा नऊ नंबर कोण' एवढं विचारलं तरी पुढची दहा मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, क्लबचा गेल्या दोन सीझनचा हिशोब ऐकायला मिळतो.

मग कुठेही उभं राहा. बहुतेक ठिकाणी दोन्ही टीमचे लोक वेगळे बसवत नाहीत. रेलिंगपासून मैदानाची रेघ दोन-तीन मीटरवर, त्यामुळे खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते सगळं ऐकू येतं, गोलकीपर बॅकला शिव्या देतो त्याही, मुलं बरोबर असतील तर मनाची तयारी ठेवा. लाइन्समनच्या मागे उभं राहून ऑफसाइड बघणं हा तर एक शिकण्यासारखा प्रकार आहे, टीव्हीवर स्क्रीन थांबवून रेघा मारतात, इथे त्या माणसाला एका सेकंदात ठरवावं लागतं आणि आपणही त्याच रेषेत उभे असतो. हाफटाइमला बघाल तर घरच्या टीमचे पक्के लोक चालत दुसऱ्या गोलमागे जातात, कारण आता आपली टीम तिकडे हल्ला करणार. तुम्हीही जा.

बिअर पिणाऱ्यांसाठी, इथे ग्लास हातात घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहता येतं. वरच्या लीगमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, 1985 पासून.

खाण्यात चहा, चिप्स, बर्गर, बेकन रोल. शाकाहारी माणसाला चिप्स आणि चीज रोल नक्की, काही क्लबांत आता व्हीगन बर्गरही. घरून डबा नेला तर कोणी काही बोलत नाही, पण निदान चहा तरी तिथलाच घ्या, कारण टीव्हीचे पैसे या क्लबांपर्यंत पोचत नाहीत, गेट, बार आणि टी बार यावरच बसचं भाडं आणि खेळाडूंचा पगार निघतो.

थंडीचे कपडे मात्र भरपूर. ऑफिसला घालता तेवढ्यावर भागणार नाही, दोन तास उघड्यावर उभं राहायचंय, पायात जाड मोजे पाहिजेतच.

खेळाडू कोण असतात

शिक्षक, इलेक्ट्रिशियन, जिम ट्रेनर, डिलिव्हरीवाले, कॉलेजची पोरं. दिवसा काम, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. काहींचं क्लबबरोबर कॉन्ट्रॅक्ट असतं, बरेच जण कॉन्ट्रॅक्टशिवाय खेळतात, आणि अशा खेळाडूला दुसऱ्या क्लबला घ्यायचं असेल तर आधी त्याच्या क्लबला सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणून टीम फार पटकन बदलते, ऑगस्टमध्ये आवडलेला विंगर ऑक्टोबरमध्ये समोरच्या जर्सीत दिसला तर धक्का बसू देऊ नका. मोठ्या क्लबच्या अकॅडमीतली 18-19 वर्षांची पोरंही इथे लोनवर, म्हणजे काही काळापुरती उसनी, येतात, मोठ्या माणसांशी खेळायची सवय व्हावी म्हणून.

यातूनच कधी कधी कोणीतरी निघतो. सिरिल रेजिस हेझ क्लबकडून खेळायचा, शिकलेला इलेक्ट्रिशियन, 1977 ला वेस्ट ब्रॉमने उचलला आणि पुढे इंग्लंडकडून खेळला. लेस फर्डिनंडही हेझचाच. क्रिस स्मॉलिंग 2008 ला मेडस्टोनमधून फुलमला गेला आणि दोन वर्षांत मँचेस्टर युनायटेडला. मिकेल अँटोनियो टूटिंग अँड मिचमचा. म्हणून कोपऱ्यातल्या सब्स्टिट्यूटकडेही नीट बघत जा.

चौथं काम: कप समजून घ्या

लीगबरोबर कप स्पर्धा चालतात आणि फिक्स्चरमध्ये त्या मध्ये मध्ये घुसलेल्या असतात, नवीन माणसाला कळत नाही की आज पॉइंट का मिळाले नाहीत.

एफए कप सगळ्यात महत्त्वाचा. टीव्हीवर जानेवारीत दिसतो तो तिसरा राउंड, पण सुरुवात ऑगस्टमध्ये होते, आधी प्राथमिक राउंड, मग चार क्वालिफाइंग राउंड, आणि ते पार केले की नोव्हेंबरमध्ये पहिला राउंड जिथे लीग वन आणि टू चे क्लब येतात. प्रत्येक राउंडला बक्षिसाची रक्कम असते आणि छोट्या क्लबचं वर्ष त्यावर तरून जातं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये क्रे व्हॅली पेपर मिल्स, तेव्हा स्टेप 4 चा क्लब, थेट चार्ल्टनच्या मैदानावर जाऊन 1-1 ड्रॉ करून आला. रीप्लेमध्ये, म्हणजे ड्रॉनंतर पुन्हा खेळवलेल्या मॅचमध्ये, हरले, पण ती रीप्ले त्यांच्या घरच्या मैदानावर झाली आणि टीव्हीवर दिसली.

एफए ट्रॉफी स्टेप 1 ते 4 च्या क्लबांसाठी. 2021 ला हॉर्नचर्च, तेव्हा इस्थमियनचा क्लब, वेम्बलीवर हेरफर्डला 3-1 ने हरवून ती जिंकला. याशिवाय लीगचा स्वतःचा कप आणि काउंटीचे कप असतात, तिथे राखीव पोरांना संधी मिळते आणि गर्दी कमी, पण थंड मंगळवारी रिकाम्या स्टँडमध्ये प्रशिक्षकाचा प्रत्येक शब्द ऐकत बसायचं असेल तर यासारखी जागा नाही.

पुढे काय

तीन-चार मॅच झाल्या आणि आवडलं तर सीझन तिकीट घ्या, नाहीतर सरळ सेक्रेटरीला विचारा की काही मदत लागते का. कायम लागते. गेटवर बसायला, फोटो काढायला, साइट सांभाळायला, मुलांच्या टीमला न्यायला-आणायला. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना तर तिथे हातोहात उचलतात, आणि गावात दोन वर्षं राहून जेवढ्या ओळखी होत नाहीत तेवढ्या एका सीझनमध्ये होतात, हे मी बघितलंय.

सुरुवात कधी करायची म्हणाल तर दोन चांगल्या वेळा. एक म्हणजे नॉन-लीग डे, आंतरराष्ट्रीय मॅचमुळे प्रीमिअर लीग बंद असते त्या शनिवारी हा दिवस 2010 पासून पाळतात, बरेच क्लब त्या दिवशी तिकीट स्वस्त करतात. दुसरी म्हणजे जुलै, प्री-सीझन फ्रेंडली, ऊन असतं, तिकीट कमी, वरच्या लीगच्या क्लबांची टीम पाहुणी म्हणून येते, आणि पोरं मॅच संपल्यावर मैदानात उतरून खेळाडूंबरोबर फोटो काढतात. फ्रेंडलीची यादी क्लब जूनच्या आसपास टाकतात, तेवढी बघून ठेवा.